आधी अक्काचं बोट

तानुअक्कानं एकदा दिलेला शब्द परत घेतला, असं कुणी सांगितलं असतं तर पारोळ्याच्या आसपासच्या चार गावांनी सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. पण तिनं घेतला. तोही अंगणात जमलेल्या बायांसमोर, आणि भुकेनं रडणारी सात महिन्यांची नात तिच्या आईच्या पदराखालून ओढून काढून. त्या पोरीचा जीव त्या दिवशी कशावर टांगला होता हे तिथं कुणालाच माहीत नव्हतं, अक्कालाही नव्हतं. सून रूपा आजही तो दिवस आठवला की हातातलं काम ठेवते आणि आधी पोर कुठं आहे ते बघते.

तानुबाई माहेरची पिंपळनेरकडची. लग्न करून इकडं आली तेव्हा सासूनं तिला दोन गोष्टी शिकवल्या, कपाशीची निंदणी आणि मातेची सेवा. निंदणी कुणीही शिकतं. माता मात्र साऱ्या गावात या एकाच घराकडं. कुणाच्या अंगावर तापासोबत पुरळ उठलं, मग ते गोवर असो की कांजिण्या, की घरातली म्हातारी माणसं आवाज बारीक करून म्हणतात, माता आली. दाराला निंबाचा पाला लागतो, फोडणी बंद होते, चपला उंबऱ्याबाहेर राहतात. मग तानुअक्काला बोलावणं जातं. ती येते, पदर खोचते, आजाऱ्याच्या पाठीवरून तळहात फिरवते आणि सांगते, माता आहे की नुसतं उन्हाचं घामोळं. तिनं सांगितलं की ते झालं. नारळ आणि चहा, याच्यापलीकडं तिनं कधी कुणाकडून काही घेतलं नाही.

मातेच्या दिवसांत तिचे दोन नियम फार कडक. एक, घरात सुई चालायची नाही. गोधडी शिवायची नाही आणि डॉक्टरचीही घ्यायची नाही. सुई टोचली की माता खवळते आणि लेकराचे डोळे घेऊन जाते, असं सासूनं तिला सांगितलं होतं आणि तिनं ते गावाला सांगितलं. दुसरा नियम खास त्यांच्या घरातला. अंगावर पाजणाऱ्या बाईला माता आली, तर माता जाईपर्यंत लेकराला अंगावर घ्यायचं नाही, शेळीचं दूध द्यायचं. दुसरीकडं असं कुणी पाळत नाही, पण तानुअक्काकडं पाळतात.

सुईचं म्हणाल तर तो नियम पाळणं तिला मुळीच जड नव्हतं, कारण बाई सुईला भलतीच भ्यायची. शेतात नाग दिसला तर कुदळ घेऊन मागं लागणारी ही बाई, मुलाला लस टोचायला नेताना मात्र शेजारच्या सुंदरबाईच्या कडेवर द्यायची आणि स्वतः दवाखान्याच्या कुंपणाबाहेर कानात बोटं घालून उभी राहायची. करोनात लसवाल्यांची गाडी गावात आली, तेव्हा ती कपाशीत जाऊन बसली ती दिवस मावळेपर्यंत. नवरा रुपचंद तेव्हा होता. तो बांधावर उभा राहून हाका मारत होता आणि ही झाडांआडून सांगत होती, मी घरी नाही म्हणून सांगा. रुपचंद गेल्यावरही गाव ही गोष्ट सांगून हसायचं आणि अक्का स्वतः त्यात हसायची.

रूपा या घरात आली ती भडगावकडून. सासूला तीही साऱ्यांसारखी अक्काच म्हणे. नवरा कुंदन सुरतेला, साड्यांच्या बाजारात गठ्ठे बांधायच्या कामाला. खानदेशातली निम्मी तरणी पोरं तिथंच सापडतात. तो दिवाळीला यायचा, आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला यायचा, आणि काही झालं तरी श्रावणात कानबाईला यायचा. कानबाई, खानदेशची देवी, घरात बसते तेव्हा सारा भाऊबंद एका छताखाली जमतो, रोटांचं जेवण होतं, आणि परमुलखातला माणूस आला नाही तर त्याच्या नावाची खंत सगळ्या घराला लागते.

त्या वर्षी कुंदन आला तो उतरल्या चेहऱ्यानं. अंगात कणकण, घसा धरलेला, छातीवर लालसर ठिपके. सुरतेचं पाणी, म्हणाला. गरमीनं उठलंय, भाऊबंदातले लोटनकाका म्हणाले. गावात तेव्हा घरोघरी तापाची साथ होती, कुणाला डेंग्यू तर कुणाला चिकनगुनिया, त्यामुळं आणखी एकाचा ताप कुणाच्या डोळ्यांवर आला नाही. त्याच्या मानेला गाठी आल्या होत्या. अक्कानं मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून त्या स्वतःच्या हातानं शेकल्या. मेडिकलमधून गोळ्या आणल्या, गडी दोन-चार दिवसांत टुणटुणीत झाला, कानबाईपुढं नाचला, बायकोजवळ राहिला आणि सुरतेला परत गेला.

पोळा उलटून गेला आणि रूपा पडली.

आधी ताप. मग तोंडात फोड आले आणि घसा असा धरला की थुंकी गिळवेना. अंग ठेचल्यासारखं दुखे. गावातल्या डॉक्टरनं तपासलं, साथीचाच दिसतोय म्हणून गोळ्या दिल्या आणि वर बजावलं की ताप हटला नाही तर पारोळ्याला जाऊन रक्त तपासा. त्याचं काही चुकलं नव्हतं. तसल्या तापाचे दहा लोक तेव्हा त्याच्या बाकावर बसलेले. पण गोळ्या सुरू केल्यावर रूपाच्या छातीवर, पाठीवर पुरळ उठलं. चुलत जाऊ म्हणाली, गोळ्या बाधल्या. सुंदरबाई म्हणाली गोवर. अक्कानं उंबऱ्यातूनच एकवार पाहिलं, आणि घरचंच माणूस म्हणून असेल, नेहमीसारखा तळहात न फिरवताच बोलून गेली, माता आली.

झालं. दाराला निंब लागला. फोडणी बंद. रक्ताची तपासणी तर बंदच, सुई कोण आणणार घरात? आणि दिपमाला, सात महिन्यांची, गुबगुबीत, जिला आईच्या अंगाखेरीज दुसरं काही ठाऊक नव्हतं, ती शेळीच्या दुधावर आली. पोरीनं घर डोक्यावर घेतलं. रूपाची छाती दुधानं दगडासारखी व्हायची, ती भिंतीकडं तोंड करून दूध वाटीत पिळायची आणि रडायची. तापाचं तिला इतकं काही वाटलं नाही. पलीकडच्या खोलीतून पोरीचं रडणं यायचं, ते तिला सोसत नव्हतं.

आणि मग ते आपलं आपणच ओसरलं. ताप उतरला, घसा मोकळा झाला, पुरळ विरून गेलं. रूपा उठून बसली, भाकर मागून खाल्ली. घरात सगळ्यांच्या जिवात जीव आला. आता राहिली होती फक्त मातेची बोळवण. निंबाच्या पाण्यानं न्हायचं, दहीभाताचं पान गावाबाहेरच्या निंबाखाली ठेवायचं, बायांनी गाणी म्हणायची, की माता आपल्या वाटेनं गेली आणि आई लेकराला घ्यायला मोकळी.

बोळवणीच्या सकाळी अंगणात बाया जमल्या. अक्का रूपाला न्हाणीत घेऊन बसली. निंबाचं पाणी पाठीवर घातलं आणि आज प्रथम तिचा तळहात सुनेच्या पाठीवरून फिरला. फिरता फिरता थांबला. परत वरून खाली गेला. रूपाला वाटलं, मळ काढतेय.  पण अक्कानं तिचे ओले केस मागं सारले, कपाळाच्या वर केसांच्या कडेला दोन जुने खड्डे होते त्यांवर बोट ठेवलं. रूपाला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्याचे ते व्रण. मग तिनं मानेला हात लावला, काखेत लावला. गाठी होत्या, चिंचोक्याएवढ्या.

"ह्या कवयपासून शेत?" तिनं विचारलं.

"ताप आला तेव्हापासून," रूपा म्हणाली.

 पुढं कितीतरी महिन्यांनी अक्कानं रूपाला सांगितलं, तेव्हा तिच्या मनात काय चाललं होतं ते. या पुरळाला पाणी भरलं नव्हतं, खपली धरली नव्हती, कोंडाही पडला नव्हता. नुसतं आलं आणि पुसलं गेलं. एकदा येऊन गेलेली माता त्याच अंगावर परत येत नाही, हे तिनं स्वतः शेकडो बायांना सांगितलेलं, आणि ते व्रण डोळ्यांसमोर असताना विसरलेलं. आणि या गाठी. याच गाठी तिनं श्रावणात शेकल्या होत्या. त्या मानेला, पोटच्या पोराच्या. जे कुंदनला झालं तेच रूपाला झालं. त्याच्याकडून हिच्याकडं आलं. आता हिच्याकडून कुणाकडं जाईल?

तेवढ्यात सुंदरबाईनं बाहेरून येऊन काय केलं, तर रडणारी दिपमाला आणून रूपाच्या मांडीवर ठेवली. न्हाणं झालंच होतं. घे माय, किती दिवसांची उपाशी आहे, म्हणाली. पोरीनं वास ओळखला आणि तोंड लावायला झेपावली. रूपानं डोळे मिटून पदर वर केला.

अक्कानं पोर ओढून घेतली.

"पाजू नको," ती म्हणाली. मग दारात येऊन साऱ्या बायांकडं पाहून म्हणाली, "हाई माता नही व्हती. मी चुकनू."

अंगणात गाणं म्हणायला तोंडं उघडलेली ती तशीच राहिली. रूपाला आधी कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा तिचा असा संताप झाला की ती ओल्या अंगानं उठून सासूच्या हातातून पोर हिसकायला गेली. नाही नाही ते बोलली. पोर माझी आहे, दूध माझं आहे, तू कोण?  अक्का पोरीला छातीशी गच्च धरून उभी राहिली आणि सुनेचे बोल खात राहिली.

"माता नव्हती तर काय व्हतं मग?" सुंदरबाईनं विचारलं.

"माले काय माहीत," अक्का म्हणाली. "मना कामनं नही, इतलंच माहीत."

तास-दोन तासांत अक्का, रूपा आणि शेळीच्या दुधाची बाटली तोंडात घेतलेली दिपमाला पारोळ्याच्या रिक्षात होत्या.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. ताप, घसा, पुरळ, तोंडातले फोड, गाठी. ऐकताना त्यांनी मधे एकदाही घड्याळाकडं पाहिलं नाही. मग म्हणाल्या, यातलं एकेक लक्षण पाहिलं तर साधी सर्दीसुद्धा असू शकते, डेंग्यू असू शकतो, औषधाची रिअॅक्शन असू शकते. या सगळ्याचं रक्त तपासू. "आणि अजून एक तपासणी करू. घरात आणखी कुणाला असंच झालं होतं का?"

"मना पोऱ्याले," अक्का म्हणाली. "सुरतले ऱ्हास."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि दोघींना शेजारच्या खोलीत हेमांगीकडं पाठवलं. हेमांगी समुपदेशक, म्हणजे रक्त घेण्याआधी आणि नंतर माणसाशी बोलणारी. जळगावची मुलगी, बोलायला मऊ. तिनं अक्काला बाहेर बसायला सांगितलं. रूपाच म्हणाली, नको, असू द्या. मग हेमांगीनं एचआयव्ही हा शब्द उच्चारला, आणि तो कसा येतो, अगदी सुरुवातीला कसा साध्या तापाचं सोंग घेऊन येतो, आणि हेच त्याचं कपट की ते सोंग आठवडा-पंधरवड्यात आपोआप उतरतं, माणसाला वाटतं बरं झालो, ते सगळं सांगितलं. अंगावरच्या दुधातून तो लेकराला जाऊ शकतो, हेही सांगितलं. त्या पहिल्या दिवसांत तर रक्तात आणि दुधात तो सगळ्यात जास्त असतो.

 रूपाला आधी भीती नाही, राग आला. नवऱ्याचं तोंड डोळ्यांसमोर आलं. मग सुई दिसली आणि भीती आली. तिनं हात मागं घेतला. माता नव्हती, असं अक्का म्हणाली खरी, पण असलीच तर? आत्ता सुई टोचून घेतली आणि दिपमालाचे डोळे गेले तर? हा नियम तिला याच सासूनं शिकवला होता. हेमांगी समजावत होती आणि रूपा नुसती मान हलवत होती, नाही म्हणून.

तेव्हा तानुअक्कानं आपला हात टेबलावर ठेवला.

"पहिले माले टोच," ती हेमांगीला म्हणाली.

हेमांगी म्हणाली, आजी, तुम्हाला काही गरज नाही. अक्का म्हणाली, गरज आहे. मातेचा कोप व्हायचा असेल तर आधी माझ्यावर होऊ दे, ती माझी ओळखीची आहे. हे बोलताना तिचा हात असा थरथरत होता की टेबलावरचा पेनचा डबा वाजत होता. तिनं डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत मातेचं गाणं धरलं आणि बोट पुढं केलं. कपाशीत लपणारी ही बाई. टोचलं तेव्हा तिच्या तोंडून गाणं तुटलं, पण हात मागं आला नाही. मग तिनं ते रक्त आलेलं बोट रूपाला दाखवलं, हे बघ, म्हणून. रूपानं मुकाट्यानं हात दिला. सासूबद्दल तिला जे वाटलं त्याला तिच्याकडं तेव्हा शब्द नव्हता आणि अजूनही नाही. भरून आलं, एवढंच ती सांगते.

तपासणीत काय निघालं? काही नाही. डेंग्यू नाही, टायफॉइड नाही, आणि एचआयव्हीही नाही. रूपानं मोठा श्वास सोडला आणि पोरीकडं हात केले. पण डॉक्टरीणबाईंनी अडवलं. म्हणाल्या, ही तपासणी शरीरानं आजाराशी लढायला जे तयार केलं ते शोधते. शरीराला ते तयार करायला काही आठवडे जातात, आणि तोपर्यंत आजार आत असूनही कागदावर 'नाही' येतं. तुमच्या नवऱ्याला आधी झालं होतं, त्याचं रक्त आधी बोलेल. त्याला बोलवा. तोपर्यंत बाळाला अंगावर नको. मग त्यांनी विचारलं, "दूध कधीपासून बंद केलंय?"

"पुरळ उठलं तेव्हापासून," रूपा म्हणाली.

"कुणी सांगितलं होतं?"

रूपानं अक्काकडं पाहिलं. अक्का खाली मान घालून म्हणाली, मातेसाठी बंद केलं होतं.  डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कारण चुकलं, पण काम बरोबर झालं, आणि आज तुम्ही ते पुन्हा सुरू होऊ दिलं नाहीत. नुसता योगायोग म्हणा हवं तर. पण त्या योगायोगाकडं पाहून हेमांगीनं तोंडात बोट घातलं होतं.

कुंदनला फोन गेला. धुळ्याहून बस बदलत तो सकाळी दारात आला, तर आईनं त्याला आत येऊ दिलं नाही. ओट्यावर बसवलं. समोर स्वतः बसली.

"खरं सांग," ती म्हणाली. "बठ्ठं सांग, काही लपाडू नको. तुना पोरना जीवना सवाल शे."

तो आधी चिडला, मग उलटसुलट बोलला, मग रडला आणि मग सांगितलं. सुरतेत, श्रावणाच्या आधी, सोबतच्या पोरांबरोबर बाजारच्या बाईकडं गेला होता. रूपा दाराआड उभी राहून ऐकत होती. अक्कानं त्याला शिवी दिली नाही, मारलं नाही. आंघोळ कर, म्हणाली, आणि पारोळ्याला जाऊन रक्त दे. त्याचं रक्त बोललं, कागदावर 'आहे' आलं. मग रूपाचंही रक्त धुळ्याला गेलं, विषाणूच शोधणाऱ्या दुसऱ्या तपासणीसाठी, आणि तेही बोललं.

कुंदन सुरतेला परत गेला नाही. रूपाही माहेरी गेली नाही. अक्कानं तिला सांगितलं होतं, राहायचं असेल तर राहा, जायचं असेल तर जा, पण हे घर आधी तुझं आहे, मग त्याचं. रूपा त्याच्याशी कित्येक महिने एक शब्द बोलली नाही. आता बोलते, कामापुरतं. दोघांच्याही गोळ्या लगेच सुरू झाल्या, रोजची एक, आणि हळूहळू रक्तातला विषाणू इतका कमी झाला की तपासणीत सापडेना. धुळ्याच्या डॉक्टरांनी कागद दाखवून हे सांगितलं तेव्हा रूपा कागदाकडं बघतच राहिली. एवढीशी गोळी. गोळी रोज घेतली तर माणूस म्हातारा होईतो जगतो, हे कळल्यावर तिला त्या गोळीच्या पाया पडावंसं वाटलं.

पण गाव. गावाला काय माहीत? गावाला एवढंच दिसलं की तानुअक्कानं आपल्या सुनेच्या अंगावर माता सांगितली आणि बोळवणीच्या दिवशी नाही म्हणाली. म्हातारी चळली, लोक म्हणाले. सुंदरबाई तर चारचौघींत म्हणाली, जिला घरातली माता ओळखता येईना ती दुसऱ्याची काय ओळखणार. बोलावणी बंद झाली. पलीकडच्या आळीत कांजिण्या निघाल्या तर त्यांनी दुसऱ्या गावची बाई आणली. गाणी ऐकू यायची आणि अक्का ओट्यावर बसून शेंगा फोडायची. तिला एका वाक्यात सगळ्यांची तोंडं बंद करता आली असती. माता नव्हती, हे होतं, असं एकदा सांगितलं असतं तर गाव तिच्या पायाशी आलं असतं. आणि त्याच दिवसापासून रूपाच्या हातचं पाणी कुणी घेतलं नसतं. अक्का शेंगा फोडत राहिली. रूपा एकदा न राहवून म्हणाली, सांगून टाका अक्का, मला नाही बघवत. अक्का म्हणाली, माझं नाव काय, आज आहे उद्या नाही, तू तुझी गोळी घे.

आणि दिपमाला? तिचं काय, हाच तर सारा प्रश्न होता. आईच्या अंगावर पुरळ उठायच्या आधीचे काही दिवस ती अंगावर पीत होती, विषाणू तेव्हाही होता. म्हणून तिला काही आठवडे औषधाचं सिरप दिलं आणि तिचे रक्ताचे थेंब कागदावर घेऊन तपासायला पाठवले. एकदा 'नाही' आलं. पण एकदा येऊन भागत नाही. दीड वर्षाची होईपर्यंत पुन्हा पुन्हा बघावं लागतं, तेव्हाच खात्रीचं उत्तर मिळतं. प्रत्येक वेळी पारोळ्याला जायचं, त्या इवल्या बोटाला टोचायचं, आणि मग वाट बघायची. त्या वाट बघण्यात रूपाचे केस पिकले, असं ती म्हणते. पंचविशीची बाई.

पण पोर सुई बघून किंचाळायला लागली, तशी अक्कानं एक पद्धत पाडली. दर खेपेला आधी तिचं बोट. हेमांगी म्हणाली, आजी, असं उगाच नाही टोचता येत. अक्का म्हणाली, मग कशाला टोचतेस ते तू बघ. शेवटी हेमांगीनं तोड काढली, आजीची शुगर बघू. तेव्हापासून दर खेपेला नातीआधी आजीची शुगर. अक्का नातीला मांडीवर घेऊन बसायची, डोळे उघडे ठेवून बोट पुढं करायची, रक्त आलं की हसून म्हणायची, बघ, काही नाही. थरथर कधीच गेली नाही. ते हसू खोटं आहे हे रूपाला प्रत्येक वेळी दिसायचं.

पुढच्या वर्षीची कानबाई तोंडावर आली तेव्हा दिपमालाची शेवटची तपासणी होती. पोर आता धावत होती, दोन-चार शब्द बोलत होती. पारोळ्याच्या त्या खोलीत शिरल्याबरोबर तिनं ओळखलं, इथं काय होतं ते. अक्का बसली, पदर खोचला आणि बोट पुढं केलं. हेमांगीनं टोचलं. अक्का हसली. मग दिपमालानं स्वतःहून आपलं बोट पुढं केलं. टोचल्यावर तोंड वाकडं केलं, पण रडली नाही, आजीकडं बघून हसली. अगदी तसंच खोटं.

थोड्या वेळानं हेमांगी आतून आली. तिच्या चेहऱ्यावरूनच रूपाला कळलं, तरी ऐकेपर्यंत ती भिंतीला धरून उभी होती.

"नाही," हेमांगी म्हणाली. "दिपमालाला काही नाही. हे शेवटचं. आता तिला टोचायला आणायचं नाही."

रूपा तिथंच खाली बसली आणि मोठ्यानं रडली. एका वर्षाचं रडणं होतं ते. हेमांगीही रडली.  अक्का उठली, खिडकीशी गेली आणि बाहेरच्या निंबाच्या झाडाला हात जोडले. मग परत येऊन सुनेजवळ जमिनीवर बसली आणि तिच्या पाठीवरून तळहात फिरवत राहिली. "व्हयनं, माय," ती म्हणाली. "सरनं आते."

रूपानं सासूचा तो हात धरला आणि आपल्या डोळ्यांना लावला. अक्कानं लावू दिला.

दिपमालाला या सगळ्यातलं काही कळलं नाही. आई रडतेय एवढं तिला दिसलं. ती दुडदुडत आली, आईसमोर उभी राहिली, आणि आपलं टोचलेलं बोट तिच्यापुढं धरून म्हणाली, "बघ, काही नाही."